जिवल्याची शपथ

ताडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात. जिवल्या तर रोज ताडावर चढून ताडी उतरवणारा. त्याचं पोट फुगलं तेव्हा अख्ख्या पाड्यानं एका तोंडानं निकाल देऊन टाकला. बायको सोमीनं त्याला वाघोबा देवासमोर उभा केला. थेंबसुद्धा चाखत नाय, अशी शपथ त्यानं घेतली, आणि पोट आणखीच वाढलं. खोटी शपथ घेतली म्हणून वाघोबानं धरला, असं लोक म्हणाले. सोमीलाही तेच खरं वाटलं. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

पण माणूस डोळ्यांदेखत मरत होता. शेवटी दिराची गाडी जुंपून तिनं त्याला पालघरच्या दवाखान्यात आणलं.

वामन डॉक्टर जात्याच तापट. जिवल्याच्या अंगाला ताडीचा वास, पोट घागरीएवढं, यकृत हाताला कडक लागतंय. त्यांना आणखी काय हवं होतं? पिऊन पिऊन यकृत जाळलंस, आता औषध कसलं मागतोस, असं म्हणून ते हात धुवायला वळले. सोमीला कळून चुकलं: घरी न्यायचा म्हणजे मरायलाच न्यायचा.

जिवल्या कसाबसा उठून बसला. काहीतरी सांगायला त्यानं श्वास ओढला, आणि डॉक्टर थबकले. त्याच्या मानेकडे बघू लागले.

"परत श्वास घे. खोल."

मानेतली शीर टरारून फुगली. श्वास घेताना ती बसायला हवी, डॉक्टर पुटपुटले. दारुड्याची मान अशी नसते. छातीला नळी लावून ते इतका वेळ ऐकत राहिले, की सोमीला स्वतःच्या श्वासाचीही भीती वाटू लागली. मग त्यांनी विचारलं, मागं याला कधी लांबलेला ताप होता का. होता. गेल्या पावसाळ्यात, अंगातून हटतच नव्हता, आणि छातीत दुखायचं.

डॉक्टरांचा आवाज उतरला. यकृत नुसतं तुंबलंय, म्हणाले, रोग हृदयाचा आहे. त्याच्याभोवतीची पिशवी त्या तापात सुजली आणि आता वाळल्या चामड्यासारखी आवळून बसलीय. असला रोगी त्यांनी उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता. मुंबईला नेऊन ती पिशवी कापून काढायची. त्यातून जगेल की नाही, सांगता येत नव्हतं. नाही नेला तर मात्र मरणार, हे नक्की.

सोमी पदर तोंडात धरून उभी. आता हा विचारणार, मी वाचीन का, असं तिला वाटलं.

जिवल्यानं डॉक्टरांचा हात धरला.

"आमच्या सोमीला सांगा, डॉक्टर. वाघोबानं मना धरला नाय."

डॉक्टरांना त्याचा काही अर्थ लागला नाही. सोमी मात्र भिंतीला धरून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.