पुलावरचा बिनचेहऱ्याचा माणूस

पॅरिसमधल्या त्या दिवाणखान्यात भरदुपारी पडदे ओढून वीस माणसं श्वास रोखून बसली होती. दोन भिंगांच्या पेटीला डोळे लावले की सीन नदीवरचा पूल जसाच्या तसा पुढ्यात उभा राही. मग बार्थोल महाशय पेटीमागे दिवा सरकवत, आणि रिकाम्या पुलावर एक माणूस उगवे. कुणाला त्यात मेलेला भाऊ दिसे, कुणाला मुलगा.

"परलोकाचं दार उघडलंय, मंडळी! पाप्याला मात्र काही दिसायचं नाही हं!"

आता 'मला दिसलं नाही' असं म्हणायची कुणाची छाती होणार?

ओनोरीन आत्याला तिचा नवरा दिसला. सहा महिन्यांपूर्वी तो याच नदीत बुडाला होता.

"मला हात करतोय गं," ती भाचीला, क्लेमाँसला म्हणाली.

"बोलावताहेत तुम्हाला," बार्थोल कुजबुजला. "रविवारी, त्याच पुलावरून. त्याआधी घर आमच्या मंडळाच्या नावावर करा, बाई. ओझं घेऊन पलीकडे जाता येत नाही."

आत्या हसली, सहा महिन्यांत पहिल्यांदाच. पुलावरून म्हणजे नदीत, हे क्लेमाँसला कळलं. रविवार परवावर आला होता.

तिने पेटी ओढून घेतली. पुलावरचा शेवटचा दिवा जोडीने लुकलुकत होता. क्लेमाँस अशीच चित्रं रंगवायच्या कारखान्यात कामाला होती, आणि शेवटचा दिवा सुईने दोनदा टोचायची खोड अख्ख्या कारखान्यात एकटीचीच होती, तिची स्वतःची.

"अहो, हा माणूस मी रंगवलाय!"

"हात लावू नका! आत्मा कोपेल!"

"कोपू दे. याचे साठ नग केलेत मी."

तिने चित्र बाहेर काढलं आणि मागचा पातळ कागद नखाने सोलला. आत छायाचित्राच्या पाठीवर निळसर रंगाचा माणूस होता आणि दिव्यांच्या जागी सुईची भोकं. समोरून उजेड असला की नुसता पूल दिसायचा. मागून आला की रंग उमटायचा. बार्थोल केव्हाच दाराबाहेर सटकला होता.

"पण चेहरा त्यांचाच होता गं," आत्या पुटपुटली.

"चेहरा काढू नका, असंच सांगितलं होतं आम्हाला. मी काढलाच नाही, आत्या. तो तू पाहिलास."

आत्या त्या निळ्या डागाकडे बघत राहिली आणि मग हंबरडा फोडून रडली.

रविवारी ती त्या पुलावर गेली खरी, पण भाचीचा हात धरून, आणि पलीकडच्या बाजारातून कांदे घेऊन परत आली. बाबांनो, दुःख खरं असतं, म्हणूनच त्याला खोटं चटकन चिकटतं. हात जोडण्याआधी चित्र एकदा उलटून बघा.