दोन्ही बाह्या डाव्या

दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या, तेव्हा ताईने त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पुन्हा एकदा पाहिल्या. गिऱ्हाइकाच्या लग्नाचा पांढरा गाऊन, उद्या सकाळी चर्चमध्ये लग्न, आणि धाकट्या भावाच्या बायकोने, चिमणीने, कापड दुहेरी न घालता एकाच कागदी नमुन्यावरून दोनदा कापलं होतं. साटीनला सुलट-उलट असतं, त्यामुळे बाही उलटवून लावायचीही सोय नव्हती.

ताईचा एक नेम होता. रोज पहाटे गुडघे टेकून ती प्रभूला शब्द द्यायची, की आज कुणावर आवाज चढवणार नाही आणि दिवस मावळायच्या आत राग सोडून देईन. हा नेम तिने कधी मोडला नव्हता, आणि त्याचं तिला मनातून थोडं कौतुकही होतं. थोडं कसलं, बरंच.

म्हणून तिने डोळे मिटले आणि ती मधाळ आवाजात म्हणाली, "असू दे गं चिमणे. मी तुला क्षमा केली."

मग ती मशीनवर बसली. मशीन असं धडाडलं, की आतल्या खोलीतून भाऊ डोकावला.

"ताई, कापड शिवतेस की दळतेस?"

"मी शांत आहे," ताई दात आवळून म्हणाली.

"दिसतंय ना. अजून जरा शांत झालीस तर भिंत पडेल."

चिमणीने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "उद्यापासून मी येत नाही, ताई. माझ्याने हे काम व्हायचं नाही."

"अगं, क्षमा केली म्हटलं ना!"

"तीच तर नकोय मला!" चिमणीचे डोळे भरून आले. "तुम्ही क्षमा करता आणि चार दिवस माझ्याकडे बघत नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनवा. कुठे चुकलं ते तरी कळेल."

ताईचे पाय पायडलवर थांबले. येशूने ज्यांना क्षमा केली, त्यांच्याकडे पाठ नव्हती फिरवली. त्यांच्या घरी जाऊन जेवला होता तो. आणि आपण? राग सोडला म्हणत नुसतं वर झाकण ठेवत आलो.

'प्रभू, आज आवाज जरा चढेल, सांभाळून घे,' असं मनात म्हणून ती वळली.

"मला राग आलाय! भयंकर आलाय! कापड दुहेरी घालायचं, हे काल सांगितलं होतं ना? कान कुठे होते तुझे?"

"काल तुम्ही बोललाच नाहीत! काल मशीनची बॉबिन हरवल्याची क्षमा चालू होती."

भाऊ फिसकन हसला. ताईने ओठ दाबून बघितले, पण हसू आवरेना.

"चुकलंच माझं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता ऐक. मागचा जमिनीवर लोळणारा घोळ आखूड केला तर एक बाही निघेल. एकच. नवरीला फोन लाव आणि काय झालं ते खरं खरं सांग."

चिमणीने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. पलीकडून नवरी म्हणाली, "करा, करा! त्या घोळात पाय अडकून पडल्याची स्वप्नं पडतायत मला."

घोळ कापून ताईने तो तुकडा टेबलावर पसरला आणि कात्री चिमणीपुढे धरली.

"मी? पुन्हा डावीच निघाली तर?"

"तर ओरडेन. चांगली घसा फोडून ओरडेन. पण तोंड फिरवणार नाही. काप."

चिमणीने टेप पुन्हा गळ्यात घातली, डाव्या बाहीची सुलट बाजू कापडाच्या सुलट बाजूवर टेकवली, एकदा ताईकडे बघितलं आणि कात्री चालवली.