वरचा मणी

कपाटात सत्तेचाळीस वस्तू होत्या. प्लास्टिकच्या गाड्या अकरा, त्यांना मिळून चाकं सव्वीस. बाहुल्या चार, हात पाच. बेरीज शिकवायच्या मण्यांच्या चौकटी सहा, सगळ्यांच्या तारा वाकलेल्या. जोडचित्रं तीन, तिन्ही अपुरी. कातडं फाटलेला ढोल एक. अक्षरांचे ठोकळे बावीस, त्यांत ‘अ’ नव्हता. धड म्हणावं असं फक्त नऊ, आणि ते नऊही ठोकळेच.

क्षितिजाने ही यादी वहीत उतरवली, खाली तारीख टाकली, ८ जानेवारी १९९९, आणि वही सिस्टर मॅग्डलीन यांच्या टेबलावर ठेवली.

“सिस्टर, हे सगळं गेल्या जूनमध्ये आणलेलं. सात महिन्यांत अडतीस वस्तू बाद.”

सिस्टर मॅग्डलीन पाचूबंदर या मच्छीमार गावातल्या छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला. “बाहुल्यांचे हातसुद्धा मोजलेस?”

“मोजल्याशिवाय कसं कळणार?”

क्षितिजा पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. नवघरला फ्लॅटमध्ये राहायची आणि जूनपासून इथे दुसरीच्या वर्गाला शिकवायची. वर्गात मुलं एकतीस. नोव्हेंबरच्या चाचणीत हातच्याच्या बेरजेत त्यातल्या नऊ जणांचंच उत्तर बरोबर आलं होतं. चौदा जणांनी २८ आणि ७ यांची बेरीज २१५ लिहिली होती. आठ नि सात पंधरा, ते तसेच खाली, आणि दोन शेजारी. ‘हातचा एक’ म्हटलं की मुलं स्वतःच्या हाताकडे बघायची. हातात तर काहीच नसायचं.

“शाळेसाठी नवी खेळणी घ्यायची आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “एकदाच, आणि ती तीन वर्षं पुरली पाहिजेत. समितीतल्या बहुतेकांचं मन सातिवलीच्या कारखान्यातल्या तयार संचावर आहे. तुला दुसरं काही सुचत असेल तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी समितीपुढे मांड. टिकतं हेही दाखव, शिकवतं हेही दाखव. दोन्ही नाही जमलं तर सातिवलीचा संच.”

क्षितिजाला त्या रात्री आनंदाने झोपच येईना. इतके दिवस तिला कुणी प्रयोग करायला सांगितलाच नव्हता.

तिने कसोट्या ठरवल्या. वस्तू एक मीटरवरून शहाबादी फरशीवर पन्नास वेळा टाकायची. दोन दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवायची. रंग लावला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने घासायचा, कारण मुलं वस्तू तोंडात घालतातच. आणि सुटा होणारा प्रत्येक भाग कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत टाकून बघायचा. डबीत मावला तर बालवाडीतल्या पोराच्या घशातही अडकेल, म्हणून बाद.

सातिवलीचा विक्रेता विघ्नेश नमुन्याचा संच घेऊन आला तेव्हा ती पट्टी घेऊन तयारच होती.

“मॅडम, एकदम अनब्रेकेबल माल आहे,” तो म्हणाला. “हत्ती उभा करा.”

“हत्ती नाही माझ्याकडे. पट्टी आहे.”

“म्हणजे?”

तिने मण्यांची चौकट एक मीटरवर धरली आणि सोडली. मग पुन्हा. सातव्या वेळी कोपरा तडकला. नवव्या वेळी चौदा मणी सगळ्या खोलीभर पळाले. तिने एक उचलून डबीत टाकला. तो टुणकन तळाशी गेला.

विघ्नेश गुडघ्यावर बसून उरलेले मणी शोधायला लागला. “मॅडम, पण घरी कोण असं मोजून पाडतं? पोरं पाडतील तेव्हा पाडतील, ना?”

“पोरं माझ्याहून जास्त पाडतात.”

“एक सांगू? आमच्या मालकासमोर कधी येऊ नका. बीपी आहे त्यांना.” तो हसला, पण जाताना प्रामाणिकपणे म्हणाला, “समितीचं मन माझ्याकडेच आहे बरं का. तुम्ही दुसरं काही आणा, मग बघू.”

दुसरं काय आणायचं हे तिला शाळेच्या मागच्या किनाऱ्यावर सापडलं. तिथे प्लासिडकाका होड्या दुरुस्त करायचे. साठी उलटलेला माणूस, कानावर पेन्सिल, पायाशी सागाच्या तुकड्यांचा ढीग. क्षितिजाने एक तुकडा उचलून फरशीच्या पायरीवर आपटला. तुकड्याला काही झालं नाही. पायरीचा टवका उडाला.

“काका, याच्या मण्यांच्या चौकटी होतील? आठ हव्यात.”

“होतील की. खिल्ले मारायचे नाय पन. खाऱ्या हवेत खिल्ला सडतो.”

“मग?”

“लाकडाची खुंटी. सुकी ठोकायची, मग तिला पानी पाजायचं. फुगली की तुमचा देव आला तरी बाहेर येनार नाय.”

क्षितिजाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने चित्र काढून दिलं: सळया पितळेच्या, गंज न धरणाऱ्या. सळया दहा, प्रत्येकीवर मणी दहा. मणी डबीत मावणार नाहीत एवढे मोठे. आणि चित्राखाली दोनदा रेघ मारून लिहिलं, ‘मणी कधीही निघता कामा नयेत.’

“रंग?” काकांनी विचारलं.

“रंग नको. नुसतं तेल.”

“होडीला लावतो तेच लावू? मासळीचं?”

“अहो काका, मुलांऐवजी मांजरं येऊन बसतील वर्गात! खोबरेल लावा.”

फेब्रुवारीच्या आठ तारखेला, सोमवारी सकाळी, मासळीच्या पाटीत घालून आठ चौकटी वर्गात आल्या. क्षितिजाने पहिली उचलली. जड, गुळगुळीत, कोपरे गोल केलेले. मणी सळईवरून असे घरंगळत की ऐकत राहावं. तिने ती मीटरवरून सोडली. धप्प. काही नाही. पन्नास वेळा टाकली. दोन कोपऱ्यांना किंचित पोचा आला, बस्स. पाटीभोवती जमलेली पोरं प्रत्येक आकडा ओरडून मोजत होती आणि पन्नासाव्याला जो जल्लोष झाला तो ऐकून बालवाडीच्या बाई धावत आल्या.

मग तिने मणी मोजले. अकरा.

तिने दुसरी सळई मोजली. अकरा. आठही चौकटी मोजल्या. ऐंशी सळया, प्रत्येकीवर अकरा. दहा फिकट आणि उजव्या टोकाला एक काळपट.

मधल्या सुट्टीत ती चौकट घेऊन किनाऱ्यावर गेली. “काका, चित्रात दहा लिहिले होते.”

“दहाच हायेत.” प्लासिडकाकांनी बोटाने मोजून दाखवले. “हे दहा. आनि हा वरचा.”

“वरचा म्हणजे?”

“वरचा म्हंजे वरचा! दहा मोजून दिले, वर एक. पोरांना द्यायचं नि नेमकं मोजून द्यायचं? लोक काय म्हनतील, प्लासिड कंजूस झाला? वेगला दिसावा म्हनून शिसवीचा घातला. सातिवलीच्या लेथवर कातून आनलाय.”

या गावात बोंबील असो की केळी, मोजून झाल्यावर हाताने आणखी एक टाकल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, हे क्षितिजाने रोज पाहिलं होतं. पण तो एक तिच्या दशमान पद्धतीत येऊन बसेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“काढता येईल?”

“तूच लिवलंस ना, कधी निघता कामा नये? खुंट्या फुगल्या. आता काढायचा तर मनीच फोडायचा. ऐंशी मनी फोडायचे, तर चौकटीला पन मार बसनार.” काकांचा चेहरा पडला. “उद्या पटाशी घेऊन येतो. बघू.”

ती वर्गात परत आली. शनिवारला पाच दिवस उरले होते. अकरा मण्यांची चौकट समितीपुढे ठेवली तर विघ्नेशला बोलायचीही गरज पडणार नव्हती.

वर्गात ग्लोरिया एकटीच होती. ती मासे विकणाऱ्या बेटीबाईंची मुलगी. नोव्हेंबरात तिने २१५ लिहिलं होतं. ती चौकटीवर ओणवी होऊन मणी उजवीकडून डावीकडे सरकवत होती, काहीतरी पुटपुटत.

“काय करतेस गं?”

“मासे विकते, टीचर.”

“किती विकलेस?”

ग्लोरियाने चौकटीकडे पाहिलं आणि क्षणात म्हणाली, “चौतीस.”

क्षितिजा थबकली. ही मुलगी वीसच्या पुढे गेली की प्रत्येक वेळी एकपासून मोजायची. “एवढ्यात कसं मोजलंस?”

“वरचे मोजले.” ग्लोरियाने उजव्या बाजूला बोट लावलं. पहिल्या तीन सळयांचे दहाही फिकट मणी डावीकडे गेले होते आणि उजवीकडे काळा मणी एकटा उभा होता. “वरचा एकटा पडला म्हणजे दहा भरले. आई तसंच करते ना. दहा टाकले की एक बाजूला ठेवते, गिऱ्हाईकाला वर द्यायला. शेवटी बाजूचे मोजते. एक, दोन, तीन. म्हणजे तीस. नि हे खालचे चार.”

क्षितिजाने तो काळा मणी बोटाने चाचपला. साध्या चौकटीत दहा मणी गेले की उजवीकडे उरते ती नुसती रिकामी सळई, आणि रिकाम्या जागेकडे मूल बघत नाही. इथे मात्र त्या जागी काहीतरी उभं होतं.

“ग्लोरिया, अठ्ठावीस कर.”

खट, खट. दोन काळे एकटे, तिसऱ्या सळईवर आठ.

“आता सात टाक.”

ग्लोरियाने दोन सरकवले आणि थांबली. “टीचर, आणखी एक वरचा झाला!” मग चौथ्या सळईवर पाच. “तीन वरचे, पाच खाली. पस्तीस.”

“तो जो आणखी एक झाला ना,” क्षितिजा म्हणाली. तिचा आवाज उगाचच चढला होता. “त्यालाच मी इतके दिवस हातचा म्हणते!”

ग्लोरियाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मग वरचा म्हणायचं ना, टीचर. हातात कुठे आहे तो?”

दुसऱ्या दिवशी प्लासिडकाका पटाशी आणि हातोडा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा क्षितिजा दोन्ही हात पसरून आडवी आली.

“एकाही मण्याला हात लावाल तर बघा!”

“काल तर रडकुंडीला आली होतीस.”

“काल मला अक्कल नव्हती, काका.”

काकांनी वर्गात डोकावून पाहिलं. चार-चार मुलांचे सात गट, तिघांचा एक, सगळे मासे विकत होते आणि भाव करत होते. एकजण ओरडला, “वरचा दे, नायतर घेनार नाय!” काकांनी पटाशी कमरेला खोचली आणि शेवटच्या बाकावर जागा करून घेतली. तासभर हलले नाहीत.

त्या आठवड्यात क्षितिजाने फळ्यावर बेरजा मांडल्या तेव्हा दशकाच्या घरावर छोटा काळा गोल काढला आणि ‘हातचा’ऐवजी ‘वरचा’ लिहिलं. एक चौकट मंगळवारी बादलीभर समुद्राच्या पाण्यात गेली आणि गुरुवारी बाहेर आली. मणी आधीइतकेच सहज सरकले.

शनिवारी दहा वाजता समिती वर्गात येऊन बसली. सिस्टर मॅग्डलीन, दोन पालक, आणि बँकेतून निवृत्त झालेले पीटर अंकल, ज्यांच्या होकाराशिवाय शाळेत नवा खडूही येत नसे. दाराशी विघ्नेश, हातात नवा कोरा संच.

क्षितिजाने पडण्याची नोंद दाखवली, पाण्याची दाखवली. चौकट पीटर अंकलच्या हातात दिली. त्यांनी मणी मोजले.

“अकरा? टीचर, तुम्ही बी.एस्सी. ना?”

पालक हसले. मागून प्लासिडकाकांचा आवाज आला, “पीटर, तू बाजारात वरचा मागून घेतोस तेव्हा नाय मोजत?” आता सगळेच हसले, पीटर अंकल सोडून.

क्षितिजाने मणी सरकवून वरच्याचं काम समजावलं. अंकलनी ते लक्ष देऊन ऐकलं, चौकट खाली ठेवली आणि म्हणाले, “छान. टिकते हे मान्य. पण खेळणं समोर असताना कोणीही उत्तर देईल. ते उचला. नुसत्या पाटीवर करू द्या. नोव्हेंबरातलीच बेरीज. निम्म्याहून जास्त मुलांना आली, तर मी तुमच्या बाजूने. नाही आली, तर सातिवली.”

चौकटीशिवाय क्षितिजाने मुलांकडून एकही बेरीज करून घेतली नव्हती. ती सिस्टरकडे वळली. सिस्टरनी मान हलवली.

आठही चौकटी कपाटावर गेल्या. फळ्यावर २८ आणि त्याखाली ७. एकतीस पाट्या, एकतीस पेन्सिली. वर्ग असा गप्प झाला की किनाऱ्यावरच्या होड्यांची इंजिनं ऐकू येऊ लागली.

क्षितिजा भिंतीला टेकून बघत राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलाने लगेच लिहिलं आणि लगेच पुसलं. एकीने डोळे गच्च मिटले. आणि मग तिला दिसलं: तिसऱ्या बाकावर ग्लोरिया रिकाम्या हवेत तर्जनी उजवीकडून डावीकडे सरकवत होती. तिच्या शेजारची पोरही. मागच्या बाकावरही बोटं सरकत होती, दोन सरकली, थांबली, मग खालच्या ओळीत पाच. दहा-बारा बोटं तरी नसलेल्या सळयांवर चालली होती. पीटर अंकल खुर्चीत पुढे सरकून बसले. विघ्नेशने हातातला संच खाली ठेवला.

“वेळ संपली,” सिस्टर म्हणाल्या.

पाट्या पीटर अंकलनी स्वतः गोळा केल्या आणि स्वतः तपासल्या. एकेक पाटी उचलायची, बघायची, योग्य त्या ढिगावर ठेवायची. शेवटची ठेवून झाल्यावर त्यांनी ढीग पुन्हा मोजले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं:

२१५ – दोन. २५ – तीन. ३४ – एक. कोरी – एक. ३५ – चोवीस.