दुसऱ्या डिस्कवर काय आहे?

रक्तपेढीचा सर्व्हर सकाळी बंद पडला तेव्हा मुख्य डॉक्टरीणबाईंनी कंपनीला नाही, थेट आपल्या वहिनीला फोन लावला. रक्तपेढीत सगळे त्यांना वचकून असत. घरी मात्र त्या अजून चिंगीच होत्या. वहिनीचा व्यवसायच सर्व्हर बसवण्याचा.

दुपारपर्यंत वहिनीनं दोन नव्या डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहिलं जाईल त्याची नक्कल आपोआप दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी काम अडायला नको. सिस्टीम चढवताना तिनं बूटलोडर निवडला. मशीन सुरू होताच सिस्टीमला उठवतो तो हाच छोटासा प्रोग्रॅम. तो नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. कुठे टाकायचा, असं मशीननं विचारलं तेव्हा तिनं दोन्ही डिस्कवर खूण केली. ‘पूर्ण झाले’ असं पडद्यावर आलं, सर्व्हर सुरू झाला, बॅकअपमधली माहितीही परत आली. बाहेर काउंटरवरच्या मुलींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"झालं ना? देऊ कामाला?" चिंगीनं दारातूनच विचारलं.

"थांब. बंद करून एक डिस्क काढते. दुसरीवर उठतो का बघू दे."

"वहिनी, चालतंय ते का बिघडवतेस? सकाळपासून पोरी हातानं पिशव्यांचे गट जुळवतायत. एखादीची चूक झाली तर कुणाच्या जिवावर बेतेल, कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणूनच म्हणते."

एवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा ऑपरेशनसाठी दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. चिंगी फोनवर "हो, हो, बघते" म्हणत होती आणि वहिनीकडे अशी पाहत होती, की वहिनीला वाटलं, जाऊ दे, नको ती परीक्षा. नणंदेनं भरवशावर बोलावलंय, उगाच तोंडघशी पडायला नको. फोन ठेवून चिंगी म्हणाली, "ही पिशवी मी स्वतः शोधते. तुझं काय ते आटप."

वहिनीनं सर्व्हर बंद केला, पहिली डिस्क काढली आणि बटण दाबलं.

पंखे घरघरले. पडदा काळाच राहिला. मग एक ओळ उमटली: सुरू करण्यासारखी डिस्क सापडली नाही.

वहिनीनं घाईघाईनं पहिली डिस्क उचलली. आता ही परत लावली आणि हिच्यावरही सर्व्हर उठला नाही तर? चिंगीला काय सांगायचं? घरी काय तोंड दाखवायचं? डिस्क सरकवताना ती दोनदा खाचेबाहेर गेली. तिनं बटण दाबलं.

सर्व्हर उठला.

मग तिनं दुसऱ्या डिस्कचा सुरुवातीचा छोटा भाग उघडून पाहिला. रिकामा! नक्कल होत होती ती माहितीची. हा भाग त्या नकलेत येतच नव्हता. ‘पूर्ण झाले’ हे निम्मंच खरं होतं आणि आपण ते डोळे झाकून मान्य केलं, या विचारानं तिचे कान तापले. तिनं तिथे हातानं बूटलोडर टाकला, सुरू होताना मशीन कुठल्या डिस्क तपासतं त्या यादीत दोन्ही डिस्कची नावं चढवली, फायली उघडून खात्री केली. पुन्हा सर्व्हर बंद. पुन्हा पहिली डिस्क बाहेर.

चिंगी केव्हा मागे येऊन उभी राहिली ते तिला कळलंच नाही.

"ही काळी स्क्रीन... असंच असतं का?"

"बोलू नकोस गं जरा."

पडदा लुकलुकला. अक्षरं धावू लागली. वहिनी मटकन खुर्चीत बसली.

"मघाशी नव्हता उठला," तिनं सांगून टाकलं. "तुझं ऐकलं असतं, तर पहिली डिस्क जाईल त्या दिवशी सगळं ठप्प झालं असतं."

कपाळावरचा घाम टिपून चिंगी म्हणाली, "ती पिशवी मिळाली. गेली पण." मग सर्व्हरकडे बोट दाखवलं. "आता उलटं करून बघायचं ना? ही काढून ती?"

"बघायचं. पण आधी पहिली परत लावून नक्कल पुरी होऊ दे, ती बाहेर असताना लिहिलेलं तिच्यावर नाहीये. वेळ लागेल."

"लागू दे," चिंगी म्हणाली, आणि काउंटरवरच्या मुलींना अजून थोडा वेळ हातानंच काम करा म्हणून सांगायला गेली.