कडेचे तुकडे

वडीच्या पाठीवरचा पिस्त्याचा काप — हिरवा, नखाएवढा, मधोमध दाबून बसवलेला — मार्तंडने नखाने उचलला, आणि खाली एक खळगा राहिला. जयंतीने तुपाचं बोट फिरवून तो बुजवला. पुढची वडी. पुन्हा काप, खळगा, बोट. बोट एकदाच फिरायचं, दुसऱ्यांदा नाही. आणि वडी अशी दिसायची, जणू तिला कुणी कधी सजवलंच नव्हतं...

"बघताय काय? ताई निघाल्यात पार्ल्याहून. हात चालवा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, रुक्मिणी. दर नारळी पौर्णिमेला मुलुंडला येते, सोफ्यावर टेकायच्या आधी स्वयंपाकघरात जाते, डबा उघडते आणि विचारते, कडेचे कुठायत? थाळीत थापलेल्या नारळाच्या वडीचे मधले चौकोन पाहुण्यांना. थाळीच्या गोलाईला लागून उरतात ते एका बाजूने कमानदार, वेडेवाकडे तुकडे घरच्यांना. लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला ताईने चौकोन बाजूला सारून कडेचा तुकडा मागितला होता, आणि त्या क्षणी मी या घरची झाले, असं जयंती अजून सांगते.

यंदाच्या वड्या घाटकोपरच्या दुकानातल्या, आणि दुकानात कडा नसतात. तिथला ट्रे चौकोनी. सगळ्या वड्या सारख्या, कोपरे बोटाला टोचतील असे. पार्ल्यातून आणणं शक्यच नव्हतं, तिथे ताईला सगळे ओळखतात. म्हणून घाटकोपर, आणि दुकानाची पिशवी तिथेच टाकून कापडी पिशवीतून घरी, आणि रिक्षात मांडीवर धरलेल्या त्या पिशवीतून येणारा वास — वास —

वास जिन्यातच होता. गेल्या वर्षी, मार्तंडला आठवलं. मी बाहेरून येत होतो आणि प्रत्येक मजल्यावर तो वाढत होता, करपलेल्या खोबऱ्याचा, आणि शेजारची दर्शना आमची बेल वाजवत उभी होती. आत जयंती कढईपुढे. ढवळत होती, शांतपणे. वर सगळं पांढरं होतं, खाली तळ काळा. वळून म्हणाली, "होतच आलंय." तापानंतर तिला वास येत नाही, हे मला ठाऊक होतं, ते असं असतं, हे ठाऊक नव्हतं. दर्शनाला मी दूध लागलं म्हणून सांगितलं. ताईला, बरं नाही, पुढच्या वर्षी ये. आणि रात्री जयंती एवढंच म्हणाली, "मला कुणी बिचारी म्हणायला नको. बाकीचं मी बघते."

ताईला कळलं तर ती तेच म्हणेल. प्रेमानेच म्हणेल. मग पार्ल्याहून डबे येतील, आणि जयंतीला तिच्याच घरात सोफ्यावर बसवलं जाईल...

जयंतीने फळीवरून जुनी थाळी काढली. वड्या पाटावर एकमेकींना चिकटवून मांडल्या, थाळी त्यांच्यावर पालथी घातली आणि काठाला सुरी लावून ती गोल फिरवली.

"हे काय?"

"कडा."

थाळी उचलली. मार्तंड बघतच राहिला. जी वडी या थाळीत कधी थापलीच नाही तिची कड समोर होती, कमानीसकट. एका ठिकाणी जरा चेपलेली, कारण थाळी तिथे चेपलेली आहे. आयुष्यभर ऑफिसात मी माणसांना नीटनेटकं खोटं बोलताना ऐकलं. चेपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

थाळीबाहेर उरलेले तुकडे तिने त्याच्यापुढे सरकवले. त्यांची कमान उलटी होती, आत वळलेली. "हे कुठल्याच थाळीत होत नाहीत. खाऊन टाका." तो खात राहिला. वड्या चांगल्याच होत्या. एक तुकडा मात्र इतका सुरेख वळला होता की त्याने तो बशीत घालून साखरेच्या डब्यामागे ठेवला. का, ते... असू दे.

मग ओट्यावर धुतलेली खवणी, केराच्या डब्यात करवंटी. मग पळीत तूप आणि वेलदोड्याची सालं.

"आला वास?"

"आला."

"कुठवर? लिफ्टपाशी जाऊन बघा."

तो लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. वास त्याच्यामागे आला, थांबला, जिन्याने खाली उतरू लागला. घरात तिने तो अंदाजाने सोडला होता, न दिसणाऱ्या पतंगाला मांजा द्यावा तसा. लिफ्ट उघडली.

"मार्तंडा, बाहेर काय उभा? हाकललं वाटतं," ताई म्हणाली. मग थांबली, नाक वर केलं. "वा."

ती थेट स्वयंपाकघरात. डबा. "कडेचे कुठायत गं?"

"वाटीत काढून ठेवलेत. यंदा जरा कोरड्या झाल्यात, ताई."

"तू दर वर्षी हेच म्हणतेस."

खरंच म्हणते. दुकानातली वडी कधी असं म्हणत नाही, हे मार्तंडच्या आत्ता लक्षात आलं. ताईने खाल्लं, डोळे मिटले. "आणि चहा टाक बाई, साखर मी —" तिने साखरेचा डबा उचलला.

मागे बशी.

ताईने तो तुकडा उचलला. उलटी कमान. अंगठा कमानीच्या आतून एकदा फिरवला, हळू. जयंतीची पाठ होती, ती आधणाकडे बघत होती.

"थाळी तीच का गं, तुझ्या आईची?"

"तीच."

"हं." ताईने तुकडा तोंडात टाकला. "हात आहे बाई तुझा."

सकाळपासून तो मनात एकच वाक्य घोळवत होता, हिला कळू नये, हिला कळू नये. आता ते म्हणायला गेला तर पुढे सरेना. ताई चहात साखर घालत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. जयंतीने वळून त्याच्याकडे पाहिलं, सगळं ठीक ना, अशा नजरेने. त्याने मान हलवली, आणि बहिणीच्या तोंडाकडे आशाळभूतासारखा बघत राहिला... कळलं असेल का. कळलेलं असू दे. कुणीतरी एकाने तरी तिचं हे कसब —