चाल कंपनीची, शीळ बाबांची

"इथे थांबवा," वकीलबाई म्हणाल्या आणि मी कळ दाबली. पडद्यावर बाबा ओठांचा चंबू करून थांबले. पुढ्यात खोललेलं शिलाई मशीन, हातात तेलाची कुपी आणि शर्टाच्या कॉलरला मी लावलेला इवलासा माईक.

"कुठलं गाणं आहे हे?"

मी एका जुन्या सिनेमाचं नाव सांगितलं.

"म्हणजे चाल रेकॉर्ड कंपनीच्या मालकीची. परवानगी घेतलीय?"

"परवानगी कसली? ते गात नाहीयेत, नुसती शीळ घालतायत. तीही चुकीची. दुसऱ्या ओळीत दर वेळी घसरतात."

"घसरले तरी ओळखू येतं ना? तेवढं पुरतं."

माझं डोकंच फिरलं. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाची एक सुई ज्याने ठेवून घेतली नाही, तो माणूस गेल्यावर चोर ठरत होता. पण वकीलबाईंवर चिडून काय उपयोग? त्या माझ्याच बाजूच्या होत्या.

बाबा शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. मी इतरांनी चित्रित केलेल्या जाहिरातींचे तुकडे जोडून पोट भरते. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसायचे, त्यातून हा सिनेमा झाला. तो जोडून व्हायच्या आत बाबा गेले. पुढे एका वाहिनीने तो दाखवायचं कबूल केलं, अट एकच : त्यातल्या प्रत्येक चित्राचे आणि आवाजाचे हक्क कागदोपत्री साफ हवेत. बाबांच्या संमतीचा कागद माझ्याकडे होता. "स्वतःच्या पोरीला सही द्यायची? काय दिवस आलेत!" असं म्हणत त्यांनी तो सही करून दिला होता. शिळेचा कागद करायचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुणाच्या येईल?

मशीन दुरुस्त झालं, टीप सरळ पडली, की बाबा शीळ घालायचे. नेहमी तीच. आणि नेहमी आतून आई ओरडायची, "पुरे आता! लोक बघतायत." सिनेमातही तेच झालंय. आईचा आवाज येतो, बाबांची शीळ तुटते, ते आतल्या दाराकडे बघतात आणि चोरून गूळ खाताना सापडल्यासारखे हसतात. सगळ्या सिनेमात मला काही जमलं असेल तर ते एवढंच.

कंपनीला पत्रं लिहिली. बरेच दिवस उत्तर नाही, आणि आलं तेव्हा त्यातल्या आकड्यात माझे असे चार सिनेमे झाले असते. वकीलबाईंनी पुन्हा लिहिलं, विनवलं, दरडावूनही पाहिलं. कंपनी ढिम्म हलली नाही.

मग मी आईला घेऊन कानसेनाकडे गेले. हा माझा मित्र, आवाजाची कामं करतो. खरं नाव आता त्याच्या बायकोशिवाय कुणी घेत नाही.

"तेवढी शीळ काढून टाक ना," मी म्हटलं.

"नाही निघत गं. एकच माईक होता. शीळ, हातोडी, काकूंचं ओरडणं, सगळं एकाच धाग्याने शिवलंय. एक उसवायला गेलो की सगळंच उसवतं." त्याने एक फाइल उघडली. "वाहिनीवाले म्हणतात तसं करू शकतो. दुसरी चाल, दुसरा माणूस. ओठांना जुळवून एक करून ठेवलंय. ऐकतेस?"

त्याने लावलं. बाबांच्या ओठांतून कुणीतरी सुरेख शीळ घालत होतं. सुरेल, स्वच्छ. कुठे घसरत नव्हतं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"छान वाजवतो," ती म्हणाली. "कोण आहे?"

"आहे एक शीळवादक. मोठमोठ्या कार्यक्रमांत वाजवतो."

"वाजवू दे बिचाऱ्याला. पण ह्यांच्या तोंडी नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवाजच बंद कर तू तिथला."

"अगं, तुझाही आवाज जाईल त्यात."

"जाऊ दे. खरी शीळ आहे ना आपल्याकडे? घरी ऐकू कधीतरी."

जन्मभर ती शीळ बंद करायला धडपडलेली बाई आज ती बंद करायला सांगत होती, आणि मला रडू फुटलं. कानसेन उगाच वायरी गुंडाळत बसला. ती खरी शीळ आईने घरी मला एकदाही लावू दिली नाही.

वाहिनीवाल्यांनी कुरकुर केली. प्रेक्षकांना टीव्ही बिघडला असं वाटेल म्हणाले. शेवटी वकीलबाईंनीच ते त्यांच्या गळी उतरवलं.

प्रसारणाच्या आधी एका छोट्या सभागृहात सिनेमा पहिल्यांदा दाखवला. आई माझ्या शेजारी होती, वकीलबाई आमच्या मागे. सगळं सुरळीत चाललं होतं. बाबांच्या बोलण्यावर लोक हसतही होते. मग ती जागा आली आणि आवाज गेला.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कुणी खोकलं, कुणी मान वळवून मागे यंत्राकडे पाहिलं. पडद्यावर बाबांनी तेलाचा थेंब सोडला, चाक फिरवलं, कापडावर टीप सरळ पडली. त्यांनी ओठांचा चंबू केला. इतक्या लोकांसमोर बाबा मुके झाले होते आणि ते मी केलं होतं. मला वर बघवेना. शेजारी आई मात्र ताठ बसून पडद्याकडे बघत होती. तिचा पाय खाली हळूहळू ठेका धरत होता. मध्येच तो जरा अडखळला आणि पुन्हा चालू झाला.

मग तो थांबला.

"पुरे आता," आई म्हणाली. घरातल्या घरात बोलावं तशी, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "लोक बघतायत."

पडद्यावर बाबांनी शीळ थांबवली, आतल्या दाराकडे मान वळवली आणि हसले.