न पुसलेले एकोणीस सेकंद

"चुकलेलं पुसायचं नाही. काय चुकलं ते खाली लिहायचं." शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचे हे शब्द मी जन्मलो त्या दिवशीच ऐकले. आज त्याच शब्दांनी माझा थरकाप होतो आहे.

मित्रांनो, मी एक जुना ई-पोर्टफोलिओ आहे. मला ना पुठ्ठा, ना पानं. संस्थेच्या कॉम्प्युटरमधली मी एक कामाची वही. जुन्या खुर्चीला निदान माळा तरी मिळतो; मला पुसलं की राखही उरत नाही.

आमच्या संस्थेचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन भरवतात. ज्यांना नीट गिळता येत नाही, त्यांना. एक घास श्वासनलिकेत गेला की होत्याचं नव्हतं होतं. म्हणून दोन दिवस वर्गात बसून प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्या कामाचे बारा पुरावे, म्हणजे फोटो नाहीतर क्लिप, पोर्टफोलिओत ठेवायचे, प्रत्येकाखाली स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तपासनीस बाई ते बघून तीन वर्षांचं प्रमाणपत्र देतात.

मी त्या स्वयंसेवकांतल्या एका मावशींचा. त्या पूर्वी शिवणकाम करत, त्यामुळे हात हलका. सुरुवातीला माझं काय कौतुक होई! उशा लावून बसवलेली आजी, किंचित खाली झुकवलेली हनुवटी, अर्धाच भरलेला चमचा. ऑफिसातल्या ताई नव्या लोकांना सांगत, "मावशींचं बघा. टाके घातल्यासारखं काम." मी फुशारून जायचो. पुढे दुसरे पोर्टफोलिओ आले आणि मला महिनोन् महिने कुणी उघडेना.

गेल्या महिन्यात मावशींनी माझ्यात तेरावा पुरावा ठेवला. मावशी रोज दुपारी ज्यांना भरवतात, त्या पूर्वी पोस्टमन असलेल्या आजोबांच्या मुलीने फोनवर काढलेली क्लिप. आजोबांना सूप भरवताना मावशी मुलीशी दोन शब्द बोलल्या आणि पहिला घोट उतरायच्या आत दुसरा चमचा गेला. आजोबांना ठसका लागला. मग ठसकाही थांबला. ओठ निळे पडले. मावशींनी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. एकोणीस सेकंद श्वास नव्हता. ते सेकंद माझ्या पोटात आहेत आणि अजून मला गार करतात.

श्वास परत आला तेव्हा मावशींनी आजोबांचा हात धरला. "यापुढे घोट उतरलेला डोळ्यांनी बघेन, मगच पुढचा चमचा. रोज बारा वाजता. शब्द दिला." आजोबांनी डोळे मिटून होकार दिला. त्या क्लिपखाली मात्र मावशींना एक अक्षर लिहवलं नाही.

आज संध्याकाळी त्यांचं प्रमाणपत्र संपतं; नवं हवं तर मला पुन्हा तपासणीला पाठवायला हवं. सकाळी त्या ऑफिसात माझ्यासमोर बसल्या.

"मावशी, बारा लागतात, तुमचे तेरा आहेत," ताई हळूच म्हणाल्या. "एक काढून टाका. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

"ठेवलं तर थांबवतील मला?"

"तीन महिने तरी. मग आजोबांचं काय?"

आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत. पोटच्या मुलीपुढेही दात आवळून धरतात. मावशींचं बोट पुसायच्या खुणेवर आलं. तिथूनच त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"सोमवारी नव्या मुली येतायत ना? त्यांना काय दाखवाल?"

"तुमचंच काम, दुसरं काय."

"मग त्यांना वाटेल, मावशीचा हात कधी चुकतच नाही. आणि त्याही बोलता बोलता चमचा देतील."

मावशींनी क्षणभर हात जोडले. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'मी बोलत होते. घोट उतरला का ते बघितलं नाही. चूक माझी.' आणि मला तपासणीला पाठवून दिलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. "आता?"

"आता पावणेबारा झाले. संध्याकाळपर्यंत तरी प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

मित्रांनो, निकाल अजून आलेला नाही. मी भितो आहे, मावशींसाठी आणि त्या आवळलेल्या दातांसाठी. तरी तुम्हाला एक विनवणी आहे. आपली वही नुसती छान दिसावी म्हणून चुकलेलं पान फाडू नका. भीती वाटली तरी जपा. पुढे कुणाचा तरी श्वास त्या पानावर अवलंबून असेल.

मावशींनी लहान चमचा स्वच्छ रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. चपला सरकवल्या, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि आजोबांच्या घराकडे चालू लागल्या.